दुसरा फटका

नाथाजी काटकरने आजवर पाच माणसांना मारून डोंगरावरून खाली आणलं. त्यातल्या चौघांनी नंतर त्याचे आभार मानले. एकाने तर पंजाबातून दिवाळीला मिठाई धाडली. ही हकिगत पाचव्याची आहे.

मारून म्हटल्यावर कुणाला वाटेल, माणूस गुंड असावा. तसं काही नाही. नाथाजी फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनीत आला आणि उंब्रजला हायवेच्या कडेला बायकोच्या शिलाईच्या दुकानात अर्धी जागा अडवून लडाखच्या सहली काढू लागला. हवालदार असला तरी त्याला सगळे मेजरच म्हणतात. आपल्या साताऱ्याकडे अंगावर एकदा वर्दी चढली की माणूस गावात मेजर होतो, त्याला सरकारी कागद लागत नाही. जन्म त्याचा दुष्काळी माण तालुक्यातला. लहानपण शेरडांमागे उघड्या माळावर पळण्यात गेलं, त्यामुळे पायाला भिंगरी आणि अंगावर मांस नावालासुद्धा नाही. राग मात्र कायम नाकावर. एकदा सर्व्हिस रोडवर उलट्या बाजूने आलेल्या टेम्पोवाल्याला त्याने कॉलरला धरून खाली ओढलं होतं आणि टेम्पो मागे घ्यायला लावला होता. बायको म्हणायची, "तुमी माणसं फिरवाय नेताय का मारामारीला?" आणि नाथाजी सहलीची वही उघडून बसायचा.

उत्तर खरं तर होतं, पण ते बायकोला सांगण्यासारखं नव्हतं. त्याचं नाव शंभूराज.

शंभूराज माणातलाच, शेजारच्या गावचा. दोघं भरतीला एकाच दिवशी पळाले, एकाच कंपनीत गेले आणि सव्विसाव्या वर्षी एकाच बर्फातल्या चौकीवर चढले. उंची एकोणीस हजार फूट. तिथे हवा इतकी विरळ की बुटाची नाडी बांधली तरी धाप लागते. दुसऱ्या दिवशी शंभूराजचं डोकं ठणकायला लागलं. तो नाथाजीला म्हणाला, कुणाला सांगू नको गड्या, साहेब खाली धाडतील आणि गावात बोंब होईल की शंभूराज थंडीला भ्याला. नाथाजीने दोस्ती राखली. गप्प बसला.

तिसऱ्या दिवशी सकाळी शंभूराज झिंगल्यासारखा चालत तंबूबाहेर आला, खाली बसला आणि हातात बूट घालायला लागला. पोरं हसली. नाथाजीही हसला. दुपारपर्यंत शंभूराज हलवून जागा होईना, वादळामुळे हेलिकॉप्टर येईना आणि संध्याकाळच्या आत तो गेला. मेंदूला सूज येते म्हणे. माणूस आधी खुळ्यासारखा करतो, मग झोपतो आणि मग उठत नाही. उपाय एकच, त्याला ताबडतोब खाली न्यायचं. आपण हसलो, हे नाथाजी शंभूराजच्या आईला कधी सांगू शकला नाही. त्या हसण्याची त्याला अजून शरम वाटते.

त्यानंतर वर डोकं दुखतंय म्हणणारा जो कोणी खाली उतरायला तयार नसेल, त्याला नाथाजी मारायचा. एक जवान ऐकेना तेव्हा त्याचे दोन दात पाडले आणि पाठीवर टाकून चार हजार फूट खाली आणला. त्याबद्दल चौदा दिवस कोठडी मिळाली. पलटणीचा डॉक्टर कोठडीत येऊन त्याचा हात हातात घेऊन गेला, तेवढीच काय ती शाबासकी.

सहली सुरू केल्यावर त्याने फौजेची शिस्त तशीच आणली. लेहला उतरलं की दोन दिवस अंथरूण सोडायचं नाही. आंघोळ नाही, जिना चढायचा नाही, बाजारात हिंडायचं नाही, हसायचं तेसुद्धा बेताने. अंगातलं रक्त त्या हवेला सरावलं की मगच पुढे. रोज सकाळी तो एकेकाला फरशीच्या सांध्यावरून टाचेला अंगठा लावत दहा पावलं चालायला लावायचा. तोल गेला तर गाडी खाली. गिऱ्हाईकं वैतागायची, फोनवरून घरी त्याची टिंगल करायची, पण सहा वर्षांत त्याच्या सहलीतलं एकही माणूस दगावलं नव्हतं.

गेल्या ऑगस्टात सांगलीकडच्या आष्ट्याहून चौघं आले. भरतेश, खताबियाण्यांचा दुकानदार, आणि त्याची बायको स्वप्नाली. दोघं जैन, स्वतःच्या जेवणाचा डबाच एवढा मोठा की गाडीच्या टपावर सामानाला जागा उरेना. त्यांच्याबरोबर भरतेशचा वर्गमित्र वीरधवल आणि त्याची बायको अंकिता. लग्नाला दीड वर्ष झालेलं.

वीरधवल पैलवान. वय सव्वीस, वजन एकशे दहा किलो, मान आणि खांदे एकच. त्याचे वडील लालासाहेब त्यांच्या काळात आखाडे गाजवलेले. बाकी बारा एकर ऊस होता, पण घराची खरी लागवड म्हणजे हा पोरगा. दिवाळीनंतर त्याची मोठी कुस्ती ठरली होती आणि सारं आष्टा त्या दिवसाची वाट बघत होतं. निघताना लालासाहेबांनी नाथाजीला बाजूला घेऊन पोरगं तुमच्या हवाली, त्याच्या हातापायाला जपा, एवढंच सांगितलं होतं.

आता पैलवानाला दोन दिवस झोपून राहा म्हणणं म्हणजे काय, हे नाथाजीला कळायला हवं होतं. कुस्ती तोंडावर असताना मेहनत चुकली की अंग उतरतं, हे ज्याच्या रक्तात भिनलंय तो अंथरुणात कसा पडेल? रोज पहाटे लालासाहेबांचा फोन यायचा, मेहनत चालू हाय नव्हं? आणि वीरधवल दार आतून लावून लंगोट कसायचा. दोनशे जोर, पाचशे बैठका, साडेअकरा हजार फुटांवर. अंकिता पलंगावर बसून हळू आवाजात आकडे मोजायची, कारण मोजणारं कुणी नसलं तर त्याला बैठका मारल्यासारखं वाटायचं नाही.

दुसऱ्या दिवशी तीनशेच्या पुढे तो थांबला आणि डोकं धरून खाली बसला. तिने गोळी दिली आणि मेजरना सांगू का म्हणून विचारलं. त्याने तिचं मनगट असं आवळलं की बांगडी पिचली. म्हणाला, "त्यो मला खाली धाडंल. आष्ट्यात काय तोंड दावू? बोललीस तर बघ." ती नाही बोलली. नवऱ्याची कमजोरी चारचौघांत काढायची नाही, हे तिला माहेरी आणि सासरी दोन्हीकडे शिकवलेलं होतं.

तिसऱ्या सकाळी नाथाजीने सगळ्यांना सांध्यावरून चालवलं. वीरधवल हाताची घडी घालून चालला, शेवटी शड्डू ठोकला, सगळे हसले. डोकं दुखतंय का, तर अजिबात नाही. नाथाजीने अंकितालाही विचारलं, कारण बायका सहसा खरं सांगतात असा त्याचा अनुभव. तिने नवऱ्याकडे बघितलं आणि नाही म्हणाली.

पुढचा मुक्काम हानलेला होता, चौदा हजार फुटांवर. नाथाजी तिथे एका दमात कधी नेत नसे, वाटेत खालच्या गावात एक रात्र काढायचा. वीरधवल गाडीत म्हणाला, मेजर, ही म्हाताऱ्याकोताऱ्यांची सहल हाय का? तुमी लयच भित्रं दिसताय. भरतेशलाही एक दिवस वाचवायचाच होता. भित्रा हा शब्द बायकांसमोर नाथाजीच्या जिव्हारी लागला आणि त्याने ड्रायव्हरला गाडी थेट घ्यायला सांगितली. इथे तो चुकला. तो स्वतः कबूल करतो, आणि कबूल करताना आजही स्वतःच्या मांडीवर बुक्की मारतो.

हानलेला पोचल्यावर वीरधवल जेवला नाही. ओकला. गाडी लागली म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

सकाळी सात वाजता नाथाजी अंगणात चहा घेत होता. लडाखी ड्रायव्हर चाकाचे नट आवळत बसला होता. तेवढ्यात खोलीत काहीतरी जड पडलं. भरतेश धावत बाहेर आला आणि म्हणाला, पैलवानाच्या अंगात आल्यागत करतंय, स्वप्नालीनं कपाळाला कुंकू लावलं तर तिला ढकलून दिली. नाथाजीच्या हातातला कप सुटला. त्याला अंगात येणं नव्हे, हातात घातलेले बूट दिसले.

दार उघडलं तर वीरधवलने अंकिताला भिंतीशी दाबून धरलं होतं. उजव्या हाताने गळा आवळलेला, तिचे पाय जमिनीपासून वीतभर वर. तोंडाने तो कुठल्यातरी पैलवानाचं नाव घेत होता आणि आसमान दाखवतो, आसमान दाखवतो असं पुटपुटत होता. बायको त्याला दिसतच नव्हती. तो आखाड्यात होता.

नाथाजी त्याच्या हाताला लोंबकळला. वीरधवलने डाव्या हाताने त्याला असा भिरकावला की तो स्टोव्हवर जाऊन आदळला, नाक फुटलं आणि रॉकेल सगळ्या खोलीभर झालं. भरतेशने मागून कमरेला मिठी मारली, त्याला कोपर बसलं आणि तो ओठातून रक्त गाळत खाली बसला. नाथाजी पुन्हा उठला. त्याने पाय धरून पट काढायचा प्रयत्न केला. ते म्हणजे शेरडाने बैलाला ओढण्यासारखं झालं. पैलवानाने गुडघा वर घेतला आणि नाथाजीच्या दोन बरगड्या गेल्या. अंकिताचे डोळे पांढरे व्हायला लागले होते, पाय झटकायचे थांबत आले होते.

नाथाजी रांगत अंगणात गेला, ड्रायव्हरच्या हातातला चाक खोलायचा लांब लोखंडी पाना हिसकावला आणि परत येऊन त्याने वीरधवलच्या उजव्या हाताच्या नळीवर पहिला फटका घातला. पंजा उघडला. अंकिता खाली कोसळली आणि घशातून घरघर करत श्वास ओढायला लागली.

वीरधवल वळला. हात खाली लोंबत होते, पाय लटपटत होते, पॅन्ट ओली झाली होती. पोरक्या लेकरासारखा चेहरा करून त्याने "आई" अशी हाक मारली. लढाई संपली होती. आता ड्रायव्हर आणि भरतेशने दोन्हीकडून धरला असता तर तो गाडीपर्यंत आला असता.

आणि नाथाजीने दुसरा फटका मारला. त्याच हाताच्या कोपरावर, दोन्ही हातांनी, पाना खांद्यापर्यंत उचलून. हाड फुटल्याचा आवाज ओल्या उसाचं कांडं मोडावं तसा आला. त्या क्षणी नाथाजीच्या डोक्यात अंकिता नव्हती, वीरधवलचा जीवसुद्धा नव्हता. खोटं बोलून वर चढणाऱ्या प्रत्येक पोराचा राग होता, शंभूराजचा राग होता आणि हसलेल्या स्वतःचा सगळ्यात जास्त राग होता. तो सगळा त्या एका कोपरावर निघाला.

टपावरचा सामानाचा दोर काढून त्यांनी वीरधवलला बांधला आणि मागच्या सीटवर घातला. नाथाजी त्याच्या कमरेवर बसला. नाकाला गाडीतल्या सिलिंडरची प्राणवायूची नळी लावली की तो डोक्याने हिसडायचा, एका लाथेत त्याने खिडकीची काच फोडली. वाटेत फौजेच्या ठाण्यावर डॉक्टरने इंजेक्शन दिलं आणि थांबू नका, उतरत राहा म्हणून सांगितलं. सिंधूच्या काठाकाठाने गाडी दिवसभर उतरत राहिली. अंकिता नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, तिचा आवाज गेला होता, आणि फुटलेल्या काचेतून येणारा वारा सगळ्यांची तोंडं सोलत होता. नाथाजी मोडक्या बरगड्यांनी दर थोड्या वेळाने वीरधवलच्या गालावर चापट मारून त्याला जागं ठेवत होता. दुपारी तीनच्या सुमाराला वीरधवलने डोळे उघडले, पाणी मागितलं आणि माझा हात का बांधलाय, असं विचारलं. सकाळचं त्याला काहीच आठवत नव्हतं. नाथाजी गाडी थांबवून रस्त्यावर उतरला आणि धोंड्यावर बसून रडला.

लेहच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणखी दोन-तीन तास वर राहिला असता तर मेला असता. कोपराबद्दल मात्र ते म्हणाले, हात जेवायला उठेल, कुस्तीला उठणार नाही.

अंकिताने तिघांच्या हातापाया पडून एकच मागितलं. माझ्या गळ्याचं कुणाला सांगू नका, यांना तर नकोच. भरतेश आणि स्वप्नालीने शब्द दिला. नाथाजीने लालासाहेबांना फोन लावला आणि खाली यायला तयार नव्हता म्हणून मी मारलं, असं सांगितलं. पलीकडून फोन बंद झाला.

नाथाजी उंब्रजला पोचून आठवडा झाला नाही तोच आष्ट्याच्या तालमीतली बारा-पंधरा पोरं दोन जीपा भरून आली. त्यांनी दुकानाची काच फोडली, लडाखचे फोटो फाडले आणि बायकोची शिलाई मशीन उचलून हायवेवर फेकली. एका ट्रकने ती पार चेपून टाकली. नाथाजी नेमका कराडला छातीचा फोटो काढायला गेला होता. परत आला तेव्हा बायको रस्त्यातून मशीनचे तुकडे गोळा करत होती. तिने वर न बघता विचारलं, "तुमी त्या पोराचा हात मोडला ते बरूबर केलं का चूक केलं? मला खरं सांगा, मग मशीनसाठी रडायचं का न्हाई ते मी ठरवंन." नाथाजीने पहिल्यांदाच तिला सगळं सांगितलं. शंभूराजपासून. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, उद्या आष्ट्याला जा.

तो सकाळच्या एसटीने गेला. लालासाहेबांचं घर शोधावं लागलं नाही, त्याला ओळखून पोरंच मागे चालायला लागली. लालासाहेब ओट्यावर बसले होते. वीरधवल आत सोप्यात, हात गळ्यात बांधलेला. त्याची आई चंद्राबाई दाराशी उभी राहिली, तिने या म्हटलं नाही. लालासाहेबांनी कोपऱ्यातली काठी घेतली, खाली उतरले आणि काही न विचारता नाथाजीच्या पाठीवर मारली. मग दंडावर. मग पुन्हा पाठीवर, बरोबर मोडलेल्या बरगडीच्या जागी. नाथाजी गुडघ्यावर आला, पण त्याने हात आडवा घातला नाही. म्हातारा मारतही होता आणि रडतही होता.

"मामंजी, थांबा."

अंकिता सोप्यातून बाहेर आली होती. आवाज अजून नीट फुटत नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. "यांनी माझा गळा धरला व्हता. मी मरत व्हते. मेजरकाकांनी हात मोडला म्हणून मी हितं उभी हाय. यांचं डोकं दुखतंय हे मला ठावं व्हतं, मी बोलले न्हाई. पयल्यांदा गप बसले तिथंच चुकलं, आता बसणार न्हाई."

काठी लालासाहेबांच्या हातातच राहिली.

वीरधवल बाहेर आला. "मी?" त्याने विचारलं. त्याने नाथाजीकडे बघून पुन्हा विचारलं, "मेजर, मी?"

नाथाजी भिंतीचा आधार घेऊन उठला. म्हणाला, तू शुद्धीवर नव्हतास, उंचीचा आजार होता, त्यात तुझा दोष नाही. इथेच थांबला असता तर सगळं त्याच्या बाजूने मिटलं असतं. पण बायकोला खरं सांगून आलेल्या माणसाला अर्धं सांगणं जमेना. "लालासायब, पयला फटका तिला सोडवाय मारला. दुसरा रागानं मारला. त्यानंच कोपार फुटलं. तवा पोरगं गप उभं व्हतं. तुमी काठी खाली ठिवू नका."

लालासाहेबांनी काठी उचलली नाही, टाकलीही नाही. सगळे वीरधवलकडे बघत होते, पण त्याला त्या दुसऱ्या फटक्याचं जणू ऐकूच आलं नव्हतं. तो अंकिताकडे गेला आणि तिच्या खांद्यावर ठेवायला त्याने चांगला हात पुढे केला.

ती मागे सरकली. तिने ठरवून केलं नव्हतं, अंगानेच केलं, आणि लगेच तिच्या लक्षात येऊन ती परत एक पाऊल पुढे आली. पण ते मागचं पाऊल अंगणातल्या सगळ्यांनी बघितलं होतं. वीरधवलचा हात हवेत तसाच राहिला. त्याने तो आपल्या डोळ्यांसमोर धरून बघितला, मग कमरेमागे लपवला आणि ओट्याच्या पायरीवर बसला.

तो मान वर न करता म्हणाला, "मेजर, दुसरा बी बरूबरच व्हता."

नाथाजीला या एका वाक्यापेक्षा आणखी दहा काठ्या चालल्या असत्या. तो आष्ट्यापर्यंत आपली चूक कबूल करायला आला होता, ती बरोबर ठरवून घ्यायला नव्हे. तो पोराशेजारी पायरीवर बसला आणि न्हाई गड्या, बरोबर नव्हता, असं त्याला सांगत राहिला. वीरधवल ऐकत नव्हता. तो आपला चांगला हात मांडीखाली दाबून बसला होता.